सेटअप बदलतो, नेक बदलत नाही: पहिल्या इलेक्ट्रिक गिटारच्या निवडीचं एक प्रकरण

पहिली गिटार गळ्यात अडकवून दोन मिनिटं होत नाहीत तोच माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हीच!" तीन आठवड्यांनी तिने घरी नेली ती मात्र तिसरी. पहिल्या भेटीत जी तिने दहा मिनिटांत बाजूला ठेवली होती, तीच.

मधल्या तीन आठवड्यांत आम्ही काय पाहिलं, माझा स्वतःचा अंदाज कुठे चुकला आणि निर्णय कशावर झाला, ते सगळं इथे मांडतो आहे. मी गिटार शिकवतो, त्यामुळे "सर, कुठली घेऊ?" हा प्रश्न मला सतत येतो. बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या डोक्यात रंग, लाकूड आणि पिकअपची (तारेचं कंपन टिपून त्याचा विद्युत संकेत करणाऱ्या भागाची) नावं घोळत असतात. पण दुकानात हातात येते ती दोन गोष्टींची बेरीज असते. एक म्हणजे गिटार स्वतः. दुसरी म्हणजे त्या दिवशी तिच्यावर चढवलेल्या तारा आणि तिचा सेटअप, म्हणजे तारांची उंची, नेकचा वाक वगैरेंची जुळवणी. पहिली वर्षानुवर्षं तशीच राहते, दुसरी एका संध्याकाळी बदलता येते. आणि नवशिक्याच्या बोटांना आधी जाणवते ती दुसरीच. या प्रकरणात हे इतकं ठळकपणे दिसलं की लिहून ठेवावंसं वाटलं.

वाजवणारी कोण, वाजवते काय

वय एकोणीस. अडीच वर्षं अकूस्टिक गिटार शिकलेली. तळहात लहान, बोटं आखूड. चौघांच्या बँडमध्ये रिदम गिटार वाजवायची जागा मिळाली होती आणि तिथे अकूस्टिकचा आवाज ड्रमखाली बुडत होता, म्हणून इलेक्ट्रिक. मनात मात्र चित्र वेगळं होतं: टोकदार शिंगांची काळी गिटार, लॉकिंग ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलणारा ब्रिज (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग), आणि ती दांडी म्हणजे आर्म दाबून सूर खोल दरीत सोडायचा.

दुकानात जाण्याआधी तिला मी एकच काम दिलं. आठवडाभराचा सराव फोनवर रेकॉर्ड करायचा, चुका झाल्या तरी पुसायचा नाही. रविवारी आम्ही तो बसून ऐकला. निम्म्याहून जास्त वेळ कॉर्ड्स आणि स्ट्रमिंग. त्याखालोखाल क्लीन, म्हणजे स्वच्छ, न फाटलेल्या आवाजात शोभतील असे आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून). थोडंसं ब्लूज, त्यात तार खेचून वर नेलेले सूर. बँडची दोन गाणी ड्रॉप डी मध्ये, म्हणजे सहावी तार एक स्वर खाली उतरवलेली. आणखी एक गोष्ट व्हिडिओत दिसली, जी तिलाही माहीत नव्हती: एफ कॉर्ड ती आडवं बोट टाकून वाजवत नाही, डाव्या हाताचा अंगठा नेकवरून (गिटारच्या लांब मानेवरून) वळवून सहावी तार दाबते. लहान हात असूनही. ही सवय पुढे फार महत्त्वाची ठरली.

पैशांचंही तेव्हाच ठरवलं. हातात असलेल्या रकमेचे तीन वाटे केले: गिटार, अॅम्प, आणि एक छोटा वाटा केबल, पट्टा, तारा व सेटअपसाठी. सगळी रक्कम गिटारवर घालवून तिला एखाद्या डबड्या स्पीकरला जोडणारे मी खूप पाहिले आहेत. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज शेवटी अॅम्पच्या स्पीकरमधूनच बाहेर येतो, त्यामुळे अॅम्पचा वाटा आधी बाजूला काढला आणि उरलेल्यात गिटार शोधायला निघालो.

तिघी

पहिली तीच काळी. दोन हंबकर (दोन कॉइलचे) पिकअप, २४ फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), फ्लॉइड रोझ पद्धतीचा लॉकिंग ट्रेमोलो, पातळ आणि चपटी नेक. नवी कोरी.

दुसरी गिब्सन कंपनीच्या लेस पॉलच्या घाटाची: जाड बॉडी, एकच खाच, नेक बॉडीला चिकटवलेली, दोन हंबकर, स्थिर ब्रिज. हीही नवी.

तिसरी माझ्या ओळखीच्या एका वादकाकडची, बरीच वापरलेली, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची. ब्रिजपाशी हंबकर, मध्ये आणि नेकपाशी सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे पिकअप), साधा सहा स्क्रूंचा ट्रेमोलो, स्क्रूंनी बसवलेली नेक. पिकगार्ड पिवळा पडलेला, तारा गंजलेल्या.

त्या दिवशी तिघी वाजवून झाल्यावर तिने लावलेला क्रम मी वहीत लिहून ठेवला होता. काळी "लोण्यासारखी", दुसरी "जड पण भारी आवाज", तिसरी "हात दुखतो, आणि वर गेलं की बेसूर". वादक स्वतःच प्रामाणिकपणे म्हणाला होता की तिची नेक बहुतेक गेली असावी, म्हणूनच काढतो आहे.

"लोण्यासारखी" म्हणजे नेमकं काय

या शब्दाने मला थांबवलं. मी खिशातून पट्टी आणि कॅलिपर काढलं. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर काळीवर दीड मिलिमीटर होतं, तिसरीवर जवळपास तीन. इतक्या उंच तारा दाबायच्या तर कुणाचाही हात दुखणार. मग तारांची जाडी मोजली. काळीवर नऊचा संच होता, म्हणजे पहिली तार ०.००९ इंच. दुसरीवर दहाचा. तिसरीवर अकराचा.

इथे थोडं गणित करावं लागतं, आणि ते करण्यासारखं आहे. तारेचा ताण तिच्या वजनावर, लांबीच्या वर्गावर आणि सुराच्या वारंवारतेच्या वर्गावर ठरतो. सूर तोच आणि लांबी तीच असेल, तर बिनवेटोळ्याच्या साध्या तारेचा ताण तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नऊवरून अकरावर गेलं की अकराचा वर्ग भागिले नवाचा वर्ग: १२१ भागिले ८१. जवळपास दीडपट. काळी आणि तिसरी या दोघींची स्केल लेंग्थ, म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची तारेची मूळ लांबी, सारखीच होती: ६४८ मिलिमीटर, फेंडरची जुनी साडेपंचवीस इंची. थोडक्यात, तिचा हात दोन गिटारींची तुलना करत नव्हता. तो तारांच्या दोन पाकिटांची तुलना करत होता.

आता माझी चूक सांगतो. मुलीचा हात लहान म्हणून मी मनातल्या मनात दुसरीकडे झुकलो होतो. लेस पॉलच्या घाटात स्केल लेंग्थ आखूड असते, पावणेपंचवीस इंच, साधारण ६२८ मिलिमीटर. आखूड स्केलवर तारा मऊ लागतात आणि फ्रेट जवळ येतात, त्यामुळे लहान हातांना ती बरी, हे मी स्वतः वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. खोटं नाही ते. पण किती फरक पडतो हे मी कधी मोजलंच नव्हतं. ६२८ भागिले ६४८, त्याचा वर्ग केला तर ताण कमी होतो अवघा सहा टक्के. तारांच्या एका पाकिटाने पन्नास टक्क्यांची उलथापालथ होत असताना मी सहा टक्क्यांसाठी गिटार बदलायला निघालो होतो.

आणि फ्रेट जवळ येण्याचं? नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत मोजलं तर एकीकडे सुमारे १३४ मिलिमीटर, दुसरीकडे १३०. चार मिलिमीटरचा फरक. मग सुचलं म्हणून तिची अकूस्टिक मोजली. तिची स्केल लेंग्थ ६५० भरली. म्हणजे ज्या अंतराची मला काळजी होती, ते अंतर ती अडीच वर्षं रोज पार करत होती.

आवाज सारखा करून ऐकणं

दुसऱ्या फेरीला आम्ही तिघींना एकाच छोट्या अॅम्पवर, एकाच केबलने, कुठलाही इफेक्ट न लावता वाजवलं. आधी क्लीन. दुकानात बहुतेक जण डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) चढवूनच वाजवतात आणि मग सगळ्याच गिटारी जोरकस वाटतात. क्लीनवर मात्र तारेचा सूर किती टिकतो, कॉर्डमधले सगळे स्वर वेगवेगळे ऐकू येतात का, व्हॉल्यूमचा नॉब निम्म्यावर आणला की आवाज कोंदट होतो का, हे सगळं उघडं पडतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवाजाची पातळी जुळवणं. काळीचे पिकअप फार जोरदार होते. नॉब त्याच जागी ठेवून गिटार बदलली की तीच मोठ्याने वाजायची, आणि कानाला मोठा आवाज नेहमीच अधिक भरदार, अधिक चांगला वाटतो. म्हणून फोनवरच्या डेसिबल मीटरने प्रत्येक वेळी अॅम्पचा व्हॉल्यूम जुळवून घेतला. तिला पाठ करून बसवलं. मी तोच चार कॉर्ड्सचा तुकडा तिन्ही गिटारींवर वाजवला, क्रम उलटसुलट करून, आणि कुठला आवाज बँडमधल्या त्या हळू गाण्याला हवा ते विचारलं.

तिने दोनदा तिसरीचा मधल्या आणि नेकच्या पिकअपचा एकत्र आवाज निवडला. एकदा दुसरीचा नेक पिकअप. काळी एकदाही नाही. वळून पाहिल्यावर तिचा चेहरा उतरला होता, हेही खरं.

काळीबद्दल एवढ्यावर थांबलो असतो तर तिच्यावर अन्याय झाला असता, कारण वेगवान लीड वाजवणाऱ्यासाठी ती उत्तम गिटार होती. फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली नेकची पुढची बाजू, १६ इंच त्रिज्येचा, म्हणजे जवळजवळ सपाट, त्यामुळे तार कितीही खेचली तरी सूर मध्येच गुदमरत नव्हता. फ्रेटची टोकं बोटाला टोचत होती, पण हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं आणि फ्रेट बाहेर डोकावतात; ते घासून घेता येतं. अडचण दोन जागी होती आणि दोन्ही जागा न बदलणाऱ्या.

एक, ट्रेमोलो. लॉकिंग ट्रेमोलोत तारा नटवर आणि ब्रिजवर अशा दोन्हीकडे आवळलेल्या असतात आणि ब्रिज एका बाजूने तारांचा ताण, दुसऱ्या बाजूने स्प्रिंगांचा ताण अशा तोलावर तरंगतो. सूर कमालीचा टिकतो. पण सहावी तार ड्रॉप डी साठी उतरवली की एकूण ताण कमी होतो, स्प्रिंग ब्रिजला मागे ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. कार्यक्रमात एक तार तुटली तर तेच. दोन गाण्यांच्या मध्ये तीस सेकंदांत हे निस्तरणं नवशिक्याला जमणारं नाही.

दोन, नेक. पातळ, चपटी नेक वेगासाठी छान, पण अंगठा वरून वळवणाऱ्या हाताला तळहातात काहीतरी भरीव लागतं. एफ कॉर्डवर दहा मिनिटं थांबल्यावर तिने स्वतःच अंगठ्याचा मुळाकडचा भाग चोळायला सुरुवात केली. काही न बोलता मी ते वहीत लिहिलं.

दुसरीचा दिवस

दुसरी मला आजही आवडते. तिच्या नेक पिकअपचा जाड, गोल आवाज तिघींत सर्वांत देखणा होता. हंबकर म्हणजे उलट गुंडाळलेल्या दोन कॉइलची जोडी. बाहेरून येणारी विजेची घरघर दोन्हींत उलटसुलट येऊन एकमेकींना खोडते. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटचा अर्ज केला आणि १९५७ पासून तो लेस पॉलवर आला. १९५२ मध्ये ही गिटार पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यावर पी-९० हे सिंगल कॉइल पिकअप होते. घरघर नको आणि डिस्टॉर्शन हवं, तर आजही हंबकरला तोड नाही.

तिची तिसरी तार ट्यून करताना नटमधून टिंग असा आवाज यायचा आणि सूर उडी मारायचा. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं, थांबलं. असल्या गोष्टींवरून गिटार नाकारू नये.

नाकारली ती वजनावरून. साध्या वजनकाट्यावर ४.३ किलो. तिसरी ३.३. एक किलोचा फरक कागदावर काहीच नाही, म्हणून मी तिला पट्टा लावून उभं राहायला सांगितलं आणि बँडची सगळी गाणी सलग वाजवायला लावली. बसून वाजवताना कुणालाच काही कळत नाही. पंचविसाव्या मिनिटाला तिचा डावा खांदा वर आला होता, चाळिसाव्या मिनिटाला ती वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत होती. वाढत्या वयाचं शरीर आहे, होईल सवय, असं दुकानदार म्हणाला. मला ते पटलं नाही. खांदा दुखला की गिटार खुंटीवर राहते.

शिवाय या घाटाचा हेडस्टॉक, म्हणजे नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, मागे झुकलेला असतो, गिब्सनवर पारंपरिक कोन १७ अंशांचा. गिटार पाठीवर पडली तर पहिला मार तिथेच बसतो, आणि ट्रस रॉडच्या (नेकच्या आतल्या, तिचा वाक जुळवणाऱ्या सळईच्या) खाचेमुळे नेमकी तिथेच नेक कमजोर असते. तिला गिटार मऊ कव्हरमध्ये घालून गर्दीतून न्यायची होती. सपाट हेडस्टॉकची, स्क्रूंनी बसवलेली नेक या बाबतीत जास्त सोशिक.

"नेक गेलेली" तिसरी

उरली तिसरी, आणि तिच्यावर दोन आरोप होते: हात दुखतो, आणि वरच्या फ्रेटवर बेसूर होते. पहिल्याचं कारण सापडलं होतं. दुसरं गंभीर होतं. नेकला पीळ बसला असेल तर तिला हात लावण्यात अर्थ नाही. पुढेमागे वाकलेली नेक ट्रस रॉडने सरळ होते, पण पीळ बसलेली होत नाही.

वादकाने गिटार दोन दिवसांसाठी घरी नेऊ दिली. आधी डोळ्याने पाहिलं: बॉडीच्या टोकाकडून, एक डोळा मिटून, नटची रेघ आणि ब्रिजजवळच्या शेवटच्या फ्रेटची रेघ समांतर आहेत का. होत्या. पीळ नव्हता. मग तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजली. अर्धा मिलिमीटर. साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहून किंचित कमी हवी. नेक पुढे ओढली गेली होती, पण अकराच्या तारा इतक्या जोराने खेचत असताना ते होणारच होतं.

अकराचा संच काढला, नऊचा चढवला. ताण उतरल्यावर फट आपोआप ०.३ वर आली. ट्रस रॉड पाव वळसा आवळला, ०.२. ब्रिजच्या सॅडल (प्रत्येक तार ज्यावर टेकते ते तुकडे) खाली घेऊन बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची १.८ केली. आता कुठलाही सूर फ्रेटला घासून खरखरत नाही ना, हे सहाही तारांवर प्रत्येक फ्रेट वाजवून पाहिलं. एवढ्यात तासभर गेला. ती शेजारी बसून पाहत होती. तिच्या हातात दिली तर म्हणाली, "ही तीच आहे?"

पण बेसूरपणा गेला नव्हता. सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर गेलं की एका सुरातून दोन सूर निघायचे, लाटेसारखे वरखाली होणारे. मी इंटोनेशन तपासलं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) आणि तिथेच तार दाबून निघालेला सूर एक यायला हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्यायची, उतरा असेल तर पुढे. ट्यूनरची सुई कुठे स्थिरच होईना. एकदा चढा दाखवे, एकदा उतरा. क्षणभर मलाही वाटलं की वादक म्हणतो तेच खरं.

मग नजर नेकच्या पिकअपवर गेली. तो जवळजवळ तारांना टेकेल इतका वर आलेला होता. सिंगल कॉइल पिकअपमधले उभे चुंबक तारेला खाली ओढतात, आणि ते फार जवळ आले की तारेचं कंपन मोकळं राहत नाही. जाड तारांवर, वरच्या फ्रेटवर हा त्रास सर्वांत जास्त, कारण तिथे दाबलेली तार चुंबकाच्या अगदी जवळ येते. कुणीतरी आवाज वाढवण्यासाठी पिकअप वर घेतला असणार. स्क्रूड्रायव्हरने तो उतरवला. शेवटच्या फ्रेटवर तार दाबली असता तिच्यात आणि चुंबकात अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर राहील इतका. लाट गेली. सुई स्थिर झाली. सॅडल दोन मिलिमीटर मागे घेतल्यावर बाराव्या फ्रेटचा सूर हार्मोनिकशी मिळाला.

ज्या दोषापायी ती गिटार विक्रीला निघाली होती, तो दोन स्क्रूंचा होता. मी लगेच त्या वादकाला फोन करून सांगितलं. न सांगता सौदा करणं मला जमलं नसतं. त्याने विचार करायला एक दिवस घेतला आणि तरीही द्यायची म्हणाला. त्याला आता हलकी, छोटी गिटार हवी होती.

जे दुरुस्त होणार नव्हतं

यानंतर उरलेली तपासणी उलट्या बाजूने केली. आतापर्यंत मी बदलता येणाऱ्या गोष्टी बदलत होतो. आता ज्या बदलता येणार नाहीत किंवा बदलणं परवडणार नाही, त्यांच्याकडे पाहायचं होतं.

नेकची जाडी पहिल्या फ्रेटपाशी २१ मिलिमीटरच्या वर, मागून गोलसर. अंगठा वळवून एफ कॉर्डवर दहा मिनिटं: तक्रार नाही. फिंगरबोर्ड साडेनऊ इंच त्रिज्येचा, काळीपेक्षा बराच बहिर्वक्र. कॉर्डसाठी हा वाक बोटांना सोयीचा. तार पूर्ण स्वर खेचली तरी पंधराव्या फ्रेटवर सूर मरत नव्हता, पण काळीसारखी १.५ ची उंची इथे मिळाली नसती, हे तिला आधीच सांगितलं.

फ्रेट झिजलेले होते. पहिल्या तिन्ही फ्रेटवर बारीक तारांखाली खळगे. उंची ०.८ ते ०.९ मिलिमीटर. एकदा समतल करून गोलाई देण्याइतकं धातू शिल्लक, त्यानंतर केव्हातरी नवे फ्रेट बसवावे लागतील. हा खरा खर्च होता आणि तो आम्ही सौद्यात धरला.

पॉट (नॉबखालचा आवाज कमीजास्त करणारा भाग) फिरवताना खरखर होती. ती क्लीनरने जाते. केबल जोडायचा जॅक सैल होता, तो आवळला. पाच जागांचा स्विच सगळ्या जागी वाजत होता. (१९५४ च्या मूळ स्ट्रॅटोकास्टरवर तीनच जागा होत्या, वादक स्विच मध्येच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे, आणि फेंडरने पाच जागांचा स्विच १९७७ मध्ये दिला. तिने पाठ करून, न पाहता निवडलेला आवाज हा नेमका तोच मधला.) मधला पिकअप उलट गुंडाळलेला होता, त्यामुळे त्या जागी घरघरही खोडली जात होती.

लाकडाबद्दल तिच्या वडिलांनी विचारलं. फिंगरबोर्ड रोझवूडचा नाही, फिकट आहे, ते कमी दर्जाचं का? नाही. २०१७ च्या सुरुवातीपासून रोझवूडच्या जवळपास सगळ्या जाती साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात आल्या आणि वाद्यांची आंतरराष्ट्रीय ने-आण परवान्यांत अडकली. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळात कित्येक निर्मात्यांनी पाऊ फेरो आणि लॉरेल ही दुसरी लाकडं वापरायला घेतली. ठोस बॉडीच्या गिटारमध्ये पिकअप, त्यांची जागा, उंची आणि तारा यांचा आवाजावरचा हात लाकडापेक्षा कितीतरी मोठा. लाकूड सरळ आणि नीट वाळलेलं असावं, एवढं बघावं.

राहिला ट्रेमोलो. तो आम्ही स्प्रिंग आवळून बॉडीवर टेकवून टाकला. अशा टेकलेल्या ब्रिजला तार उतरवल्याने फरक पडत नाही, कारण स्प्रिंगांनी त्याला लाकडाशी घट्ट धरलेलं असतं. तिने सहावी तार डी वर आणली, पाच तारा जागच्या जागी. आर्म दाबून सूर खाली नेता येतो, वर नेता येत नाही. दरीत सोडायचा सूर तेवढा मिळाला.

त्यानंतर

काळीचा विरह दोन आठवडे टिकला. तिने तो लपवला नाही, आणि मीही "बघ, मी सांगत होतो" असं म्हटलं नाही; एकोणीस वर्षांच्या मुलीला हवी ती गिटार न मिळण्याचं दुःख खरं असतं.

पहिल्या महिन्यात तक्रार आली की नेकच्या पिकअपवर घरी फार घरघर येते. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे तोंड करून ती सराव करत होती. खुर्ची नव्वद अंशात फिरवल्यावर बरीच कमी झाली, उरलेली सिंगल कॉइलसोबत येतेच. तिसऱ्या महिन्यात फ्रेट समतल करून घेतले. बँडमध्ये तिची जागा आता ऐकू येते. ड्रमरने पहिल्यांदाच तिला आवाज कमी करायला सांगितलं, याचा तिला फार आनंद झाला होता.

आठव्या महिन्यात तिने मला न विचारता दहाचा संच चढवला. जोराने स्ट्रमिंग करताना नऊच्या तारा डगमगतात, सूर चढतो, असं तिचं निरीक्षण होतं आणि ते बरोबर होतं. रात्री फोटो आला: तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबलेली, सातव्या फ्रेटपाशी फीलर गेजचं पातं. खाली लिहिलं होतं, "सर, ०.२५. ट्रस रॉडला हात लावू का?" मी उत्तर दिलं, "नको, दोन दिवस तारा बसू दे, मग पुन्हा मोज." तिने मोजलं. ०.२५ च होतं.